अँजिओ झाली, पण तिसऱ्या दिवसाचं काय?

"मले काही होत नाही ना बाबू, कायले पुन्हा सुई टोचता?" मामांचं फोनवरचं हे वाक्य. आदल्या दिवशीच अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात त्यांची अँजिओग्राफी झाली होती, एक स्टेंटही बसला होता. मनगटावर छोटी पट्टी, छातीत दुखणं बंद, आणि डिस्चार्ज घेऊन मामा दर्यापूरकडच्या आपल्या गावी हजर! वय ६२, पंधरा वर्षांची शुगर, आधीचं क्रिएटिनिन १.५. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी होती, पण क्रिएटिनिन पुन्हा तपासा असं कुठेच नव्हतं.

आपण सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून लॅपटॉप मिटत नाही (निदान मिटू नये). कारण घोटाळा लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसतो. अँजिओत वापरतात त्या डायचं अगदी तसंच आहे. किडनीच्या आतल्या भागाला मुळातच ऑक्सिजन बेताचा मिळतो. डायमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि नलिकांच्या पेशींना डायचा थेट त्रासही होतो. पण क्रिएटिनिन चढायला २४ ते ४८ तास लागतात, सगळ्यात वर जायला तीन ते पाच दिवस. बहुतेकांचं आठवड्या-दीड आठवड्यात खाली येतं, काहींचं येत नाही. म्हणजे बघा, पेशंट घरी जातो दुसऱ्या दिवशी आणि आकडा चढतो तिसऱ्या दिवशी!

मग हे आधीच ओळखता येणार नाही का? इथे सीआरपी येतं. शरीरात कुठे दाह असला की यकृत हे प्रथिन तयार करतं. अँजिओआधी ज्यांचं सीआरपी जास्त असतं त्यांच्या किडनीला इजा होण्याचं प्रमाणही जास्त असतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. वाचून मी भलताच खूश झालो, म्हटलं चला, एका तपासणीत काम फत्ते. पण सीआरपी साध्या सर्दी-तापानेही वाढतं, हिरडी सुजली तरी वाढतं, आणि हार्ट अटॅकमध्ये तर वाढतंच. धूर दिसतो, चूल कुणाची ते कळत नाही. धोका मोजायला डॉक्टर वापरतात तो मेहरान स्कोअर २००४ चा. त्यात वय, शुगर, हिमोग्लोबिन, हार्ट फेल्युअर, किडनीची स्थिती, डायचं प्रमाण हे सगळं आहे, सीआरपी नाही. २०२१ मध्ये तो सुधारला, तेव्हाही ते आलं नाही. माझं मत विचाराल तर हातात एकाच तपासणीचे पैसे असतील तर ते सीआरपीवर घालवू नका, तिसऱ्या दिवशीच्या क्रिएटिनिनवर घाला. हां, अँजिओ तातडीची नसेल आणि अंगात ताप किंवा इन्फेक्शन असेल, तर चार दिवस थांबता येईल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. हार्ट अटॅक असेल तर मात्र किडनीच्या भीतीने एक मिनिटही घालवायचं नाही. तिथे आधी हृदय.

जादूची गोळीही नाही. अॅसिटिलसिस्टीन वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०१८ मध्ये सुमारे ५,००० रुग्णांवरच्या प्रिझर्व्ह चाचणीचे निकाल आले आणि त्याचा फायदा दिसला नाही. उरतं काय, तर डाय कमीत कमी वापरणं, शरीरात पाणी पुरेसं ठेवणं आणि दुखण्याच्या गोळ्या टाळणं.

आता पाण्याचं ऐका. कार्डावर 'भरपूर पाणी प्या' असं लिहिलेलं होतं. (हार्ट फेल्युअर असेल तर हाही सल्ला चालत नाही, तो भाग वेगळा.) मामांचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून शेकडो गावं अशी, की बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. दर्यापूर, बाळापूर, तेल्हारा, संग्रामपूर... किडनीचे पेशंट या गावांना नवे नाहीत, आणि गावकरी सरळ पाण्याकडे बोट दाखवतात. अशा ठिकाणी अँजिओच्या टेबलावर येणाऱ्या माणसाची किडनी आधीच थकलेली असू शकते, हे धरून चालायला नको का? पण पुण्या-मुंबईत छापावं तसं एकच कार्ड सगळ्यांना!

असो. मामांना तिसऱ्या दिवशी जबरदस्तीने दर्यापूरला लॅबमध्ये पाठवलं. क्रिएटिनिन २.३. चौकशी केली तर कळलं, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक दोन दिवसांपासून चालू होती, आणि मेटफॉर्मिनही कुणाला न विचारता दुसऱ्याच दिवशी सुरू केली होती. दोन्ही बंद केल्या, सलाईन लावलं, रोज लघवी मोजली. बाराव्या दिवशी आकडा १.६ वर आला. डायने किती केलं आणि त्या गोळ्यांनी किती, हे आता कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात त्यांच्या शेजारच्या काकांची अँजिओ ठरली. मामांनी स्वतः कार्ड मागून घेतलं, पेनाने खाली तारीख टाकली, तिसऱ्या दिवसाची, आणि मला फोन केला, "बाबू, याले काय लिवू? क्रिएटिन का काय ते?"