सहा किलो आणि ०.६ मेगापास्कल : पाइप एकच!



विहिरीचे पाणी वरच्या रानात न्यायचे म्हणून आपण पीव्हीसी पाइप आणायला जातो. जुन्या पाइपवर ‘६ किलो’ असा छाप असे. आता ‘०.६ एमपीए’, म्हणजे मेगापास्कल, असे लिहिलेले दिसते. कुठे सहा आणि कुठे शून्य पूर्णांक सहा! पाइप कच्चा आहे असे वाटून माणूस विनाकारण जास्त पैसे मोजतो. वास्तविक दोन्ही पाइप जवळजवळ एकाच दाबाचे आहेत.

‘१ किलो दाब’ म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, साधारण बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, एक किलोचा भार. पास्कल हे माप फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांच्या नावाचे. १९७१ साली ते जागतिक मापनपद्धतीत आले. त्यांचे नाते असे :

१ किलो = ०.९८ बार = ९८ किलोपास्कल
१ बार = १०० किलोपास्कल = १.०२ किलो
१ मेगापास्कल = १० बार = १०.२ किलो

शेकडा दोनाचा हा फरक शेतीच्या कामात सोडून द्यावा. एवढेच पाठ करावे : १ किलो, १ बार, १०० किलोपास्कल, ०.१ मेगापास्कल आणि १० मीटर उंच पाणी, हे सारे सारखे.

आता हिशेब करू. विहिरीतले पाणी काठापासून १२ मीटर खाली आहे. रान काठापासून १८ मीटर उंच आहे. तुषार सिंचनाच्या तोटीशी २.५ किलो दाब हवा, म्हणजे २५ मीटर. पाइपातल्या घर्षणाचे ५ मीटर धरू. बेरीज झाली ६० मीटर. तेव्हा आपल्याला हवे तेवढे पाणी ६० मीटर हेडवर देणारी मोटार पाहिजे. ४० मीटरची घेतली तर पाणी रानात पोचेल, पण तुषार फिरणार नाहीत.

पाणी काठापर्यंत चढले की १२ मीटर खर्ची पडले. तिथे पाइपावर सुमारे ४.८ किलो दाब राहतो. म्हणून तिथे ४ किलोचा, म्हणजे ०.४ मेगापास्कलचा पाइप चालणार नाही. ६ किलोचा घ्यावा. सगळे कॉक बंद ठेवून मोटार चालवू नये. तेव्हा दाब नेहमीपेक्षा चढतो आणि चांगला पाइपही सांध्याशी फुटतो.

ठिबकच्या प्रेशर गेजवरही आधी माप पाहावे. १ किलो दाब ठेवायला सांगितले असेल आणि काटा किलोपास्कलच्या १०० वर असेल, तर घाबरून कॉक आवळू नये. दाब बरोबर आहे.

घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून हा हिशेब वहीत उतरवून घ्या आणि दुकानात जाताना ती वही बरोबर न्या. आकडा वाचण्याआधी त्याच्यापुढचे माप वाचावे, म्हणजे पैसाही वाचेल आणि पाणीही.