बारावीचा इंग्रजीचा तास

अकरावी-बारावीला शाखा कोणतीही घ्या, इंग्रजी सुटत नाही. पण सीईटीच्या धामधुमीत या विषयाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

२०२० साली आलेलं बारावीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक ‘युवकभारती’ उघडून पाहा. दिलीप चित्रे यांची वडिलांवरची कविता त्यात आहे. रात्रीच्या लोकलने परतणारा बाप, भिजलेले कपडे, चिखलाने माखलेला रेनकोट, घरी शिळी पोळी आणि त्याला मनातलं काही न सांगणारी मुलं. डोंबिवली-विरारच्या विद्यार्थ्यांनी हा बाप रोज पाहिलेला असतो. तुकोबांना इंग्रजीत नेणारा हा कवी आपलाच. तरीही रसग्रहण गाइडमधून उतरतं: शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, अलंकार, संदेश.

विद्यार्थ्यांनी या तासाकडे याहून जास्त मागावं. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचली जावी, अर्थ नंतर. कादंबरी विभागात ब्रेथवेट, व्हर्न, कॉनन डॉयल यांचे उतारे आहेत. त्यांतलं एक तरी पुस्तक अख्खं वाचावं. ‘टू सर, विथ लव्ह’ घ्या, त्यात वर्गच आहे, लंडनच्या ईस्ट एंडमधला.

लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. शिक्षकांना विनंती, ही तोंडी उरकू नका. कवितेतली मुलं बापाशी का बोलत नसतील, हे एखादी मुलगी अडखळत सांगू लागली, तर तिचं व्याकरण मध्येच सुधारू नका. तिला पूर्ण बोलू द्या.