पुन्हां बसवावें कीं टाकावें?

एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. घाट चढतांना त्यांच्या घरची मोटार तापून बंद पडली. गॅरेजमध्यें इंजिन खोललें, आणि आतां मिस्त्री विचारतो कीं, जुनेच भाग दुरुस्त करूं, मोडींत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे आणूं, कीं सगळे नवे घालूं? सासरेबुवा म्हणतात, घासूनपुसून तेच बसवा. मोठे दीर म्हणतात, मुलेंबाळें याच गाडीनें जाणार, जुनें कांहींहि नको. दोघांचेंहि म्हणणें सकारण आहे. परंतु खराब झालेले सर्व भाग एकाच जातीचे, असें दोघेहि धरून चालतात, तें मात्र बरोबर नाहीं. झिजलेला भाग निराळा आणि भेग पडलेला निराळा.

झीज मोजतां येते. ओरखडे पडलेला क्रँक पाहवत नाहीं. पण पुष्कळ गाड्यांत तो ग्राइंड करून पाव मिलिमीटरनें बारीक करितां येतो, व त्या मापाचें बेअरिंगहि बाजारांत मिळतें. तापून वांकलेल्या हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरावी आणि खालीं फिलर गेजचें पान सरकतें काय तें पाहावें. फेसिंग केल्यावर वांक कंपनीच्या पुस्तकांतील मर्यादेंत येत असेल व जाडीहि पुरेशी उरत असेल, तर तें हेड टाकण्याचें कारण नाहीं.

भेगेचें तसें नाहीं. ती आज केसाएवढी असते, ताण पुनःपुन्हां बसून वाढत जाते, आणि मोडण्याच्या आदल्या दिवशींहि भाग चकचकीत दिसूं शकतो. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंतील सू सिटी येथें २९६ माणसें असलेलें एक विमान कोसळून ११२ जण दगावले. त्याच्या शेपटीकडील इंजिनांत टायटॅनियमची एक चकती होती. तींतील भेग वर्षानुवर्षें वाढत जाऊन चकती उड्डाणांतच फुटली, व तिच्या तुकड्यांनीं सुकाणूंच्या तेलाच्या तिन्ही व्यवस्था निकामी केल्या. सुमारें वर्षापूर्वींच ती चकती चमकत्या रंगाचा द्रव लावून तपासलेली होती! भेग तेव्हांहि दिसण्याइतकी मोठी होती, पण तपासणाऱ्यांच्या नजरेंतून ती निसटली, असें चौकशींत ठरलें. साधन उत्तम असून भागत नाहीं. पाहणाराहि सावध लागतो.

घरच्या मोटारीसाठीं एक जुनी युक्ति अद्यापि उपयोगी पडते. भाग स्वच्छ धुवून त्यास रॉकेल लावावें, कांहीं वेळानें कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड भुरभुरावी. भेगेंत शिरलेलें रॉकेल पुडींत झिरपतें व बारीकशी ओली रेघ उमटते. रेघ उमटली नाहीं म्हणून मात्र निर्धास्त होऊं नये. क्रँक पोलादी किंवा बिडाचा असल्यास चुंबकीय तपासणी करवावी. अॅल्युमिनियमला चुंबक चालत नाहीं, तेथें रंगीत द्रव लावूनच पाहावें लागतें. हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून आंत हवेचा दाब द्यावा व तें पाण्यांत बुडवावें. बुडबुडे आले कीं निकाल लागला.

तेव्हां सासरेबुवांचा क्रँक, भेग नसेल व माप जुळत असेल तर, खुशाल वापरावा. पण हेडच्या व रॉडच्या बोल्टांपुरतें दिरांचें ऐकावें. पुष्कळ नव्या गाड्यांत ते एकदां आवळले कीं ताणले जातात व पुन्हां वापरण्याजोगे राहत नाहींत. त्यांची किंमतहि थोडी. हेड गॅस्केट तर नवेंच हवें. कनेक्टिंग रॉडला खोल खांच किंवा भेग दिसली तर तो भंगारांत द्यावा. तो मोडला तर इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, आणि मग वांचवलेले पैसे मोजण्यांत अर्थ राहत नाहीं.

राहिला मोडींतला भाग. ती गाडी कशानें मोडींत निघाली हें विकणारा क्वचितच सांगतो. तीहि तापूनच निकामी झालेली असेल! म्हणून तोहि याच कसोट्यांस लावावा, आणि घेतलेलीं मापें बिलावर लिहून मागावीं. मिस्त्री कुरकुरला, तर इंजिन बंद करण्यापूर्वीं दुसऱ्या वर्कशॉपांतून तीं घेववावीं.