ओमनी 2019 मध्येच बंद झाली, तरी तिचं सरकतं दार लोक कबाडीत का शोधतात?

चंद्रपूर-गडचिरोलीत गावं लांब आणि गाड्या कमी. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आणि त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाचा. जिल्हा मुख्यालयापासून सिरोंचा सुमारे 200 किलोमीटरवर. रेल्वेचं म्हणाल, तर कित्येक वर्षं जिल्ह्याला वडसा हे एकच स्टेशन. अशा भागात एसटी चुकली की बाजाराला, दवाखान्यात किंवा लग्नाला जायला मारुतीची व्हॅन कामी येते. आधी ओमनी होती, 2010 पासून ईकोही आली.

या गाड्यांचं सोयीचं अंग म्हणजे सरकतं दार. अरुंद रस्त्यावरही ते उघडतं आणि म्हाताऱ्या माणसाला किंवा पेशंटला आत घेणं सोपं जातं. पण सगळ्यात जास्त मार खातं तेही हेच दार. पावसाळ्यात चिखल, खाणपट्ट्यात कोळशाची धूळ आणि दिवसातून पन्नास वेळा आपटाआपटी. एक दिवस ते अडकतं, गंजतं, नाहीतर कुणाच्या तरी धडकेत चेपतं. मग मालक जुनं दार शोधायला निघतो.

नवीन का घेत नाहीत?

1984 ला आलेली मारुती व्हॅन पुढे ओमनी झाली आणि सुरक्षेचे नवे नियम आल्यावर 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मॉडेल बंद झालं म्हणजे पार्ट लगेच मिळेनासे होतात असं नाही. पण कंपनीचं नवं दार बहुतेक वेळा नुसता पत्रा असतो. काच, लॉक, हँडल, रबर आणि रंग यांचा खर्च वेगळा. कबाडीतलं दार मात्र बऱ्याचदा या सगळ्यासकट मिळतं.

दुसरं कारण विम्याचं. साध्या पॉलिसीत गाडी 10 वर्षांपेक्षा जुनी असेल, तर धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो. म्हणजे अर्धा खर्च मालकाच्याच खिशातून. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या दाराचे काहीच मिळत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून ऑटो पार्टवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला. पूर्वी अनेक पार्टवर तो 28 टक्के होता. त्यामुळे जुन्या दाराचा सौदा करण्याआधी नव्याचा आजचा भाव एकदा विचारलेला बरा.

मुळात दार बदलायची गरज आहे का?

सरकतं दार वरच्या, मधल्या आणि खालच्या रेलवर रोलरच्या आधाराने चालतं. दार लोंबकळतंय, घासतंय किंवा बंद होताना उचलावं लागतंय, तर अनेकदा दोष दाराचा नसून झिजलेल्या रोलरचा किंवा मातीने भरलेल्या रेलचा असतो. ते काम दारापेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

उलट अपघातात गाडीचा खांब किंवा चौकटच वाकली असेल, तर दुसरं दार बसवूनही फट राहणार. म्हणून आधी मिस्त्रीकडून चौकट तपासून घ्यायची आणि मगच दार शोधायचं.

दार येतं कुठून?

खरा प्रश्न इथेच आहे. इंजिनवर आणि चेसिसवर नंबर असतो, दारावर चेसिस नंबर नसतो. त्यामुळे चोरीची गाडी सुटी केली की तिचं दार ओळखणं अवघड होतं. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार यासाठीच बदनाम होता. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर 2021 मध्ये तो बंद झाला.

त्याच वर्षी केंद्राने स्क्रॅपिंगचे नियम आणले. नोंदणीकृत केंद्राला गाडी तोडायला घेण्याआधी ती चोरीच्या नोंदीत आहे का, हे तपासावं लागतं. साध्या कबाडीत अशी खात्री कोण देणार?

कायदाही कडक आहे. वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असूनही अप्रामाणिकपणे ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका. दुकानाचं नाव आणि ज्या गाडीचं दार आहे तिचा नंबर असलेलं बिल मागा. काही गाड्यांच्या काचेवर चेसिस नंबर कोरलेला असतो, तोही बघा. तो खरवडलेला दिसला, तर सौदा सोडा.

घेताना काय बघायचं?

- डावं दार उजवीकडे बसत नाही आणि ओमनीचं ईकोला चालत नाही. आपल्या गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच दार मागा.
- खालची कड आतून बघा. पाणी जायची भोकं बुजली असतील, तर गंज तिथूनच सुरू होतो.
- पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते.
- लॉक आतून आणि बाहेरून दहा वेळा लावून-उघडून बघा.
- रंग आरसीवरच्या रंगाशी जुळवून घ्या.
- विम्याचा क्लेम करणार असाल, तर सर्वेअरने बघण्याआधी दार बदलू नका.

शेवटचा मुद्दा लॉकचा, कारण पैसे वाचवण्याच्या नादात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडेच होतं. खड्ड्यात गाडी आदळली आणि दार सरकलं, तर दाराशी बसलेलं माणूस थेट रस्त्यावर पडतं. जुनं दार घ्या, पण लॉक आणि रोलर नवे टाका. प्रवासी वाहनाची फिटनेस तपासणी गाडी 8 वर्षांची झाल्यावर दरवर्षी होते, पण दार नीट लागतं का, हे रोज सकाळीच बघायला हवं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली. शेवटच्या ओमनींची 15 वर्षं 2034 मध्ये भरतील. तोवर अनेक जुन्या ओमनी भंगारात जातील आणि त्यांची दारंही बाजारात येतील. ती बिलासकट येतात की बिलाविना, हे गिऱ्हाईक काय मागतं यावरही ठरणार आहे.