मोटारीची मागची बैठक

ज्या वर्षीं केळी, ऊंस अगर मिरची यांस बरा भाव येतो, त्या वर्षीं दसऱ्यास किंवा पाडव्यास शहादा-तळोद्याकडील गांवांत चारदोन तरी नव्या मोटारी दारीं उभ्या राहतात. त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. सुखवस्तु कास्तकाराच्या घरीं पूर्वीं दमणी असे, तिच्या जागीं मोटार आली, इतकेंच. परंतु दमणी जोडतांना आंत पेंढा, त्यावर गादी, पाठीशीं लोड, असें करून घरांतील वडील बायकांस आधीं बसवीत. मोटार घेतांना बॉनेट किती उंच, टायर किती रुंद आणि एका लिटरांत किती किलोमीटर, एवढींच चौकशी होते. मागें बसणाराचे गुडघे कोठें जातील, हा प्रश्न मीं तरी दुकानांत कोणास विचारतांना ऐकिला नाहीं.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. सरकारी जीपमध्यें साहेब पुढें बसत आणि दप्तराचा गठ्ठा मांडीवर घेऊन आम्ही मागील आडव्या बांकावर. चांदशैलीचा घाट चढून धडगांवास पंचनाम्याला जावें, तेव्हां या बांकाचा खरा गुण कळे. गाडीचें तोंड एकीकडे आणि बसणाराचें दुसरीकडे. ब्रेक लागला कीं माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो व कंबर आडवी पिळली जाते. शिवाय हा बांक मागच्या आंसावर अगर त्याच्याही मागें. बैलगाडी हांकणारास हें सांगणें नको कीं, दोन्ही आंसांच्या मध्यें बसणारास खड्डा कमी लागतो आणि आंसावर बसणारास सगळा लागतो.

नोकरी सुटली, पण मोजण्याची खोड सुटली नाहीं. खिशांत टेप असते. मोटारी मोजूं लागल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली, ती ही कीं, बाहेरील लांबीवरून आंतील ऐसपैसपणाची अटकळ करूं नये. अ‍ॅम्बॅसिडर २०१४ पर्यंत बंगाल्यांत उत्तरपाड्यास तयार होत असे. तिची लांबी १४ फुटांच्या वर. जुन्या गाड्यांस पुढील सीट अखंड व गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकापाशीं, म्हणून पुढेंही तिघे मावत; मागील गादी तर दिवाणखान्याची. तथापि इंजिन पुढें व जोर मागील चाकांस, यामुळें तो फिरता दांडा नेण्यासाठीं तळाच्या मध्यभागीं उंचवटा असे आणि मधल्या इसमास पाय फांकून बसावें लागे. १९८३ सालीं निघालेली मारुती ८०० पुरी ११ फूटसुद्धां नव्हती. परंतु तिचें इंजिन आडवें आणि जोर पुढच्याच चाकांस. मागें दांडा जावयाचाच नाहीं. ही युक्ति विलायतेंत १९५९ सालीं मिनी या गाडींत लोकप्रिय झाली होती. त्यामुळें एवढ्याशा मारुतींत चार माणसें बरीं बसत. पांचवें मात्र कोंपर कुशींत घेऊन. पुढें १९९९ सालीं वॅगन-आर आली. ती अंगानें लहान, पण बैठक खुर्चीएवढी उंच. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यास खालीं वांकावें लागत नाहीं कीं वर चढावें लागत नाहीं. रुबाब तिला नाहीं, म्हणून आपले लोक तिच्याकडे वळून पाहत नाहींत.

आपल्याकडे बोलेरोचें फार. ती नाशिकची, मजबूत, मागें पाट्यांच्या स्प्रिंगा, ओझ्याला व शेतरस्त्याला उत्तम. तिची मधली सीटही चांगली. पण मागील दोन जागा आडव्याच. याला सरकारी कराचेंही कारण आहे. २००६ पासून ४ मीटरांच्या आंतील लहान इंजिनाच्या गाड्यांस करांत सवलत मिळत आली; २०१६ सालीं बोलेरोचीही एक आवृत्ति ३९९५ मिलिमीटरांची निघाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवर १८ टक्के व मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. लांब इंजिन आणि मधली सीट यांतून उरेल तेवढ्यांत तिसरी रांग समोर तोंड करून बसविणें अवघडच. अर्टिगा तसें करते, कारण ती ४ मीटरांहून लांब आहे. तीमध्येंही तिसऱ्या रांगेंत मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. तेथें मुलें बसवावीं.

हें सगळें टेपेनें कळण्यापूर्वीं मला आमच्या मातोश्रींकडून कळलें. ज्येष्ठ बंधूंनीं मोठी मोटार घेतली. कोणती, तें सांगत नाहीं. दोष बसविणाऱ्यांचा होता. मातोश्रींचें वय ऐंशींच्या पुढें. त्यांस कंबरेच्या दुखण्यासाठीं नाशिकास न्यावयाचें ठरलें. पुढें बंधूंचे मित्र, मध्यें पाहुणे, म्हणून मातोश्री व मी मागील आडव्या बांकावर. धुळें येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहींत. धुळ्यास चहाला थांबलों तेव्हां म्हणाल्या, "मला इथेंच उतरव. मी यष्टीनें येतें." आम्ही दोघें खरोखरच एस.टी.नें गेलों. चाकाच्या पुढें, मधल्या रांगेंत जागा मिळाली. मालेगांव येण्यापूर्वीं त्यांस झोंप लागली. चौदा-पंधरा लक्षांची मोटार मोकळ्या बांकानिशीं पुढें चालली होती.

घरच्या मोटारींत ही गत, तर भाड्याच्या जीपमध्यें अक्राणीकडील बाळंतपणाला निघालेल्या बाईची काय होत असेल? जादा प्रत्येक उतारूमागें २०० रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीनें ठेविला आहे. पण मागें कोणीं बसावें, याला कायदा नाहीं. तेथें नेहमीं बायका व म्हातारींच बसतात.

सारंगखेड्याच्या यात्रेंत दांत पाहिल्यावांचून, चालवून पाहिल्यावांचून आपण घोडा घेत नाहीं. मोटारीच्या दुकानांत जातांना घरांतील सर्वांत वडील माणूस बरोबर न्यावें. त्यास मागें बसवावें, पुढील सीट आपल्या उंचीप्रमाणें सारून ठेवावी, आणि डांबरी रस्त्यावर नव्हे, तर खडीच्या रस्त्यावर अर्धा तास फिरवावें. दुकानदार नाखूष होईल, होऊं द्यावें. आणि गाडी घरीं आल्यावर मधली रांग कोणाची, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें.

बंधूंची ती मोटार अजून दारांत आहे. मागील बांक दुमडलेला असतो आणि तेथें ठिबकच्या नळ्यांचीं बंडलें जातात.