समाजकार्य की समाजभेद?

मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय निघाले. पहिले संचालक होते अमेरिकन धर्मप्रचारक क्लिफर्ड मॅनशार्ट. शिक्षणाचा साचा साहजिकच परका. पुढे त्यात वर्गसंघर्षाची परिभाषा ओतली गेली. शोषक आणि शोषित या दोनच रकान्यांत गाव बसवायला शिकलेला विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातो, तो गाव समजून घ्यायला नव्हे, ठरलेले उत्तर पडताळायला!

अन्याय आहेच, तो कोण नाकारतो? पण खराट्याने गाव झाडणारे गाडगेबाबा, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढणारे अण्णासाहेब कर्वे यांनीही समाजाला खडे बोल सुनावले. मात्र आपला मानून. हे चरित्र अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी कधी येणार? पदवीधर आंदोलक पुष्कळ झाले. गावात मुक्काम ठोकणारा कार्यकर्ता कोण घडवणार?