गप्प बसलेल्यांचा बहिष्कार

‘पाचांमुखी परमेश्वर’ ही म्हण मराठी माणूस मोठ्या भाविकतेने उच्चारतो. परंतु त्या पाच मुखांतून परमेश्वर बोलतो की चारचौघांचे भय बोलते, याची चौकशी करण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नाही.

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रम संपल्यावर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि मिशनऱ्यांच्या घरचा तो चहा थेट शंकराचार्यांच्या पीठापर्यंत पोहोचला. चौकशी बसली. ग्रामण्य माजले. घरच्या धर्मकार्यास भटजी मिळणे दुरापास्त झाले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले.

त्या दोघांना आज भित्रे ठरविणे फार सोपे आहे आणि तितकेच अन्यायाचेही. समाजाला सोडून समाज बदलता येत नाही, ही जाणीव त्या प्रायश्चित्तामागे नव्हती असे कोण म्हणेल? दोष शोधायचा तर तो अन्यत्र शोधावा. ज्यांचे नाव छापले गेले नव्हते, ज्यांना हा सारा प्रकार मनातून हास्यास्पद वाटत होता आणि तरीही ज्यांनी त्या घरांची पायरी चढण्याचे टाळले, त्यांनीच त्या ग्रामण्याला बळ पुरविले. फर्मान एका पीठाचे होते. ते अमलात आणले शेजाऱ्यांनी. (त्याच शहरात पुढे चौकाचौकांत अमृततुल्य उभे राहिले. तेथे चहा पिणाऱ्या कोणाच्या नातवाने प्रायश्चित्त घेतल्याचे ऐकिवात नाही.)

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी हेच केले. पोटच्या मुलाला उघडपणे घरात घेण्याची सोय त्याच्या आईला उरली नाही. १९५८ साली कर्व्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. तेव्हा अभिमानाने भरून आलेला समाज आणि दार लावून घेणारा समाज एकच होता. त्याची वागण्याची रीतही एकच होती. दोन्ही वेळी त्याने इतर काय करीत आहेत तेवढेच पाहिले.

संघटनेचा पुरस्कार करणाऱ्यांनी येथे एक भेद स्वच्छ ओळखला पाहिजे. शिस्त आणि गतानुगतिकता दुरून सारख्याच दिसतात, रांग दोहोंत असते. परंतु शिस्तीच्या रांगेतील माणूस आपण येथे का उभे आहोत हे सांगू शकतो. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडविली, तेव्हा पंगतीस बसणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली जात. पुण्यात नावे छापली ती माणसांना लाजविण्यासाठी. रत्नागिरीत छापली ती चोरून जेवून नामानिराळे राहण्याची वाट बंद करण्यासाठी. आत एक आणि बाहेर एक असे वागणाऱ्याला तेथे स्थान नव्हते.

आज काळ बदलला, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेता येणार नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विसाव्या शतकाने मागे ठेवलेली ही थकबाकी होय. जातपंचायतीच्या पंचांना हा कायदा गाठू शकतो. पण मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून ज्याच्या घरी कोणी जाईनासे होते, त्याच्या दारात पंच उभे नसतात. तेथे कोणीच उभे नसते. धाकट्या मुलाच्या मुंजीत पाने मांडलेली राहतात, आचारी पुन्हा पुन्हा रस्त्याकडे पाहतो आणि आळीतील सुशिक्षित, सज्जन, पंचायतीला खासगीत नावे ठेवणारी माणसे आपापल्या घरी बसून असतात. उद्या साक्षीला बोलावले, तर त्यांतील प्रत्येक जण त्या दिवशी आपली प्रकृती बरी नव्हती असे सांगेल. त्यांना कोणते कलम लावायचे?